सपकाळांच्या रक्तातला मुकादम

सारिका उतेकरच्या हृदयाचा ठेका पहिल्यांदा चुकला तेव्हा ती दुसऱ्याच कुणाच्या हृदयाचा आलेख काढत होती. साताऱ्यातल्या एका इस्पितळात ती सत्तावीस वर्षं परिचारिका होती. २०४१ सालच्या फेब्रुवारीतली सकाळ. खाटेवरच्या आजोबांच्या छातीला तारा लावून ती यंत्राचं बटण दाबणार, एवढ्यात तिच्याच छातीत तापल्या वाळूवर मूठभर ज्वारी टाकल्यासारखं तडतडलं. तिने खाटेचा दांडा घट्ट धरला.

आजोबा म्हणाले, “सिस्टर, तुम्हीच आडव्या व्हा. मी उठतो.”

अर्ध्या तासाने ती खरंच आडवी झाली होती आणि दुसऱ्या सिस्टरने तिचा आलेख काढून तिच्या हातात दिला होता. तो कागद समजावून सांगायची तिला गरज नव्हती. कुठल्याही दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नव्हतं. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आवळण्याऐवजी नुसते थरथरत होते. अशा थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं, गाठ होते, ती सुटून मेंदूत गेली की माणूस लुळा पडतो किंवा जातो. असे आलेख तिने शेकड्यांनी पाहिले होते. घरातल्या माणसाचा एकच पाहिला होता. नऊ वर्षांपूर्वी, आईचा.

दुपारी डॉ. फरहाना मुजावर तिला बघायला आल्या. वरच्या मजल्यावरचा जनुक विभाग त्या सांभाळत. बाई मूळच्या वडूजच्या, बोलणं थेट.

“थायरॉइडची गोळी किती वर्षं घेताय, सिस्टर?”

“सात.”

“कुणी सुरू केली?”

“टीएसएच सहाच्या वर आला होता. मीच डॉक्टरांना म्हटलं, लिहून द्या.”

“तेव्हा त्रास काय होत होता?”

सारिकाने आठवून पाहिलं. “त्रास असा काही नव्हता,” ती म्हणाली. “आकडा होता.”

मुजावर मॅडमनी मान हलवली आणि तिची स्वपातळी चाचणी करायला सांगितली.

ही चाचणी येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्याआधी थायरॉइडचा रिपोर्ट सगळ्यांना एकाच फूटपट्टीने मोजत असे. हजारो निरोगी माणसांचं रक्त तपासून एक खालची आणि एक वरची हद्द ठरवलेली होती. त्या हद्दीत तो ठीक, बाहेर तो आजारी. पण एकेका माणसाची पातळी वर्षानुवर्षं मोजत गेलं तर ती त्या हद्दीतल्या एका अरुंद पट्टीतच राहते, आणि ती पट्टी कुठे असावी हे बरंचसं आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं, हे संशोधकांना जुनंच माहीत होतं. नवीन काय झालं, तर शेकडो जनुकांचा तो हिशेब मांडून ‘या माणसाचा नेमका स्वतःचा आकडा हा’ असं सांगणारं यंत्र तयार झालं. चार थेंब रक्त आणि चार दिवस, एवढंच लागे.

चार दिवसांनी मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला मुकादम समजा. गळ्यातली थायरॉइड म्हणजे त्याची मजुरांची टोळी. काम कमी पडलं की मुकादम ओरडतो, काम पुरेसं झालं की गप्प बसतो. आपण टीएसएच म्हणून मोजतो तो काय असतो? मुकादमाचा आवाज. आवाज चढला म्हणजे मजूर कमी पडत असणार, असा आपला अंदाज. आणि मग आपण गोळी देतो. म्हणजे बाहेरून जादा मजूर पाठवतो.”

“बरोबर.”

“तुमच्या रक्तातला मुकादम जन्मतःच मोठ्या आवाजाचा आहे. टोळी पुरेशी काम करत होती. तो ओरडत होता, कारण त्याचं साधं बोलणंच तसं. तुमचा आकडा साडेसहा. तुमच्यासाठी तेच निरोगी.”

सारिकाने टेबलावरचा रिपोर्ट आपल्याकडे ओढून घेतला.

“नुसतं एवढंच असतं तर जादा मजूर तुमच्या शरीराने कदाचित निभावून नेले असते. पण जनुकांची दुसरीही एक जोडी सापडली. फुप्फुसांतून आलेल्या शिरा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला जिथे मिळतात ना, तिथलं तुमचं वायरिंग थोडं सैल आहे. थायरॉइडचा रस जरा जास्त झाला की तिथे ठिणग्या उडतात. गंमत अशी, की ही दोन्ही वळणं तुमच्याकडे एकत्र आलीत. हृदय नाजूक, पण टोळी संथ. त्यामुळे एकमेकांना सांभाळून होती. आपण गोळी दिली आणि ते सांभाळणं मोडलं.”

“गोळी बंद केली तर?”

“हळूहळू कमी करत बंद करू. तोवर रक्त पातळ ठेवायचं औषध घ्या. ठेका बहुतेक आपोआप परत येईल. तुमचं फार उशिरा कळलेलं नाही.” मॅडमनी पेन उघडलं. “सिस्टर, हे घराण्यातून येतं. तुमच्या आईचे रिपोर्ट मिळतील?”

आईचे रिपोर्ट सारिकाला तोंडपाठ होते.

आई, म्हणजे कोंडाबाई सपकाळ, कोयनेच्या पाण्यापलीकडे कांदाटी खोऱ्यात पिंपळदऱ्याला राहायची. तिची आईही सपकाळांचीच लेक, त्यामुळे आजोळच तिचं सासर झालं होतं. डोंगर चढायची, नाचणी काढायची, सत्तरीतही डोक्यावर भारा घेऊन यायची. एकदा सारिकाने तिला साताऱ्याला आणून सगळ्या तपासण्या केल्या. मुलगी इस्पितळात असून आईची तपासणी नाही, हे तिला बरं वाटत नव्हतं. टीएसएच सात पूर्णांक दोन आला. सारिकाने गोळी सुरू करून दिली. थोरला भाऊ जोतिराम म्हणाला होता, “चालतीबोलती बाई हाय. कशाला गोळ्या घालतीस तिच्या मागं?” सारिकाने त्याला रिपोर्ट दाखवला. तो वाचता येत असूनही त्याला त्यातलं काही कळलं नाही, आणि तो गप्प बसला.

वर्षभराने आई फोनवर म्हणाली होती, “सारे, छातीत पाखरू फडफडतंय बघ.” सारिकाने पुन्हा रक्त तपासून घेतलं. आकडा दोन पूर्णांक चार. झकास. ती म्हणाली, “रिपोर्ट एकदम छान आलाय आई. गोळी सोडू नको.” आईने सोडली नाही. दीड महिन्यात तिला अर्धांगाचा झटका आला आणि सहाव्या दिवशी ती गेली. साताऱ्याच्या इस्पितळात काढलेला तिचा शेवटचा आलेख तसाच होता, वेडावाकडा.

दहाव्याला नदीकाठी सगळ्या भाऊबंदांसमोर जोतिराम म्हणाला, “हिच्या गोळीनं माजी आई गेली. हिनंच मारली तिला.” सारिकानेही सगळ्यांसमोर सांगितलं, की अडाण्यासारखं बोलू नकोस, आकडे नॉर्मल होते. दोघंही हट्टी होती आणि दोघंही दुःखात होती. त्यानंतर नऊ वर्षं सारिका पिंपळदऱ्याला गेली नाही, आणि तिकडून कुणी आलं नाही.

हे सगळं तिने मॅडमना सांगितलं नाही. फक्त आकडे सांगितले. मॅडमनी ते सारिकाच्या आकड्यांशेजारी लिहून घेतले.

“तुमचा दोष नाही,” त्या म्हणाल्या. “तेव्हा हे कुणालाच मोजता येत नव्हतं.”

“पाखरू फडफडतंय म्हणून ती सांगत होती, मॅडम. मी आकड्याचं ऐकलं.”

मॅडमनी टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं. त्याला नातलग-पत्र म्हणत. जनुकांबाबतच्या नव्या कायद्याप्रमाणे इस्पितळाला परस्पर कुणाच्या नातेवाइकाला काही कळवता येत नसे. रुग्णाने ते पत्र स्वतः नेऊन द्यायचं, किंवा द्यायचं नाही. सक्ती नव्हती.

“भाऊ आहे ना तुम्हाला?”

“आहे,” सारिका म्हणाली.

ते पाकीट घरी फ्रिजवर आठवडाभर पडून होतं. सारिकाचा नवरा अशोक येताजाता त्याच्याकडे बघायचा. शेवटी तो म्हणाला, “मी येऊ सोबत?” ती म्हणाली, “नको. मला एकटीलाच ऐकून घेऊ दे.” आणि रविवारी सकाळच्या गाडीने निघाली.

तापोळ्याच्या धक्क्यावर ती उतरली तेव्हा पलीकडे जाणारा तराफा लागलेलाच होता. हल्लीचे तराफे बॅटरीवर चालत. लोखंडी फळीवर दोन जीप, पाचसहा मोटारसायकली, स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या क्रेट आणि माणसं. चालकाच्या खोलीत जोतिराम उभा होता. केस पांढरे झालेले, खांदे तेच. त्याने तिला पाहिलं. तराफ्याची साखळी दुसऱ्याला सोडायला सांगून तो जिना उतरून खाली आला.

“कोण गेलं?” त्याने विचारलं.

“कुणी नाही गेलं, दादा.”

“मग कशाला आलीस?”

“तुला एक सांगायचंय.”

तो परत वर गेला. पाऊण तास पाण्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. याच पाण्याखाली त्यांच्या आजोबांचं जुनं गाव होतं. धरण झालं तेव्हा अर्धे सपकाळ डोंगरावर सरकले आणि अर्धे पालघर, रायगड, सोलापूरकडे पांगले. पलीकडे तराफा लागला, जीपा उतरल्या. जोतिरामने दुसऱ्या चालकाकडे चावी दिली आणि बहिणीच्या पुढे दहा पावलं ठेवून घराची चढण चढू लागला. मध्ये एकदा त्याने वळून पाहिलं. ती एका दगडावर बसून दम घेत होती. तो खाली आला, तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि पुन्हा दहा पावलं पुढे गेला.

घरात मंगलवहिनी होती, आणि अनपेक्षितपणे वैभवीही होती. जोतिरामची एकुलती एक मुलगी. चाकणला बॅटरीच्या कारखान्यात इंजिनीअर, लग्नाला दोन वर्षं झालेली, काही दिवस माहेरी आलेली. सारिकाने तिला शेवटचं पाहिलं होतं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आता ती भिंतीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, पुढ्यात लिंबाच्या फोडी.

“आत्या,” ती म्हणाली आणि उठायला लागली.

“बस, बस. कितवा महिना?”

“तिसरा लागलाय.” तिने बापाकडे चोरटं पाहिलं. मग एकदम म्हणाली, “आत्या, तूच सांग यांना. डॉक्टरांनी मला थायरॉइडची गोळी दिलीये. आठवड्यावर झाला, बाबांनी सगळं पाकीट चुलीत घातलं. दुसरी आणली तर आपणच घर सोडून जाईन म्हणतात.”

“मी असताना या घरात ती गोळी यायची न्हाई,” जोतिराम शांतपणे म्हणाला. तो ओरडला असता तर सारिकाला सोपं गेलं असतं. “एक बाय घालवली तिनं. दुसरी घालवून देणार न्हाई.”

मंगलवहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला. सारिका पाणी प्यायली. गाडीत बसल्यापासून जे वाक्य ती जुळवत आली होती, त्यातलं काहीच तिला आठवेना. मग ती साधंच बोलली.

“दादा, तू बरोबर होतास.”

जोतिरामने मान वर केली.

“आईला ती गोळी सोसली नाही. मलाही सोसली नाही. माझं हृदयही तसंच झालंय, आईसारखं. म्हणून कळलं.” तिने पाकीट काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. “तिचा आकडा वाढलेला नव्हता. तो तिचाच होता, जन्माचा. ती मला सांगत होती पाखरू फडफडतंय म्हणून, आणि मी तिला गोळी घ्यायला लावली. नऊ वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर तुला अडाणी म्हणाले. म्हणून आले.”

जोतिरामने पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं, उघडलं नाही. नऊ वर्षं तो हे ऐकायची वाट बघत होता, असं सारिकाला वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर तसं काहीच दिसलं नाही.

“तुला काय झालंय म्हणालीस?” त्याने विचारलं.

“ठेका चुकतोय. औषध चालू आहे. बरं होईल म्हणतात.”

“मग असल्या अवस्थेत चढण चढून कशाला आलीस? फोन करायचा.”

“फोन उचलला असतास?”

त्याने पाकीट बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “झालं तर मग. आता तूच सांग पोरीला. गोळी घ्यायची न्हाई म्हणून.”

सारिकाला हेच अवघड होतं. आता हो म्हणून टाकावं, त्याच्या बाजूला बसावं, नऊ वर्षं मिटवून टाकावीत, असा मोह तिला झाला. पण समोर वैभवी होती.

“ते मला माहीत नाही, दादा.”

“म्हंजे?”

“पहिले तीन-चार महिने पोटातलं मूल आईच्याच थायरॉइडवर वाढतं. त्याचा मेंदू त्यावर घडतो. हिला खरंच कमी पडत असेल आणि आपण गोळी तोडली, तर बाळाचं नुकसान. आणि हिचं रक्त आपल्या आईसारखं असेल आणि आपण गोळी दिली, तर हिचं नुकसान. मागच्या वेळी मी न मोजता बोलले. आता नाही बोलणार.”

“तुजं शास्त्र दर दहा वर्षांनी बदलतं,” जोतिराम म्हणाला.

“बदलतं,” सारिका म्हणाली. “म्हणून तर तुझं म्हणणं खरं होतं हे कळलं.”

सारिकाने मुजावर मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं. चाकणच्या डॉक्टरीणबाईंशी त्या बोलल्या आणि वीस मिनिटांनी त्यांचा फोन परत आला. चाचणीचं रक्त आजच पाठवा. निकाल येईपर्यंत गोळी पुन्हा सुरू करा, कारण बाळाला थांबायला वेळ नाही. मात्र मुलीच्या छातीला ठेका मोजणारी पट्टी लावा. ठेका जरा जरी बिघडला तर मला लगेच कळेल, आपण तिथेच थांबवू.

“रक्त द्यायचं का नाही?” वैभवीने आईकडे, मग बापाकडे पाहिलं. तिने बाही वर केली. “काढ आत्या. माझं रक्त आहे, मी देते.”

सारिकाने रक्त काढलं. तापोळ्याच्या आरोग्य केंद्रातून गोळ्या आणि पट्टी आली. पहिली गोळी वैभवीने दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी घेतली, तेव्हा जोतिराम अंगणात पाठ करून उभा होता. कामावर गेला नाही. नऊच्या सुमारास आत येऊन मुलीजवळ बसला आणि तिचं मनगट हातात घेतलं.

“बाबा, पट्टी लावलीये ना. मोबाइलवर सगळं दिसतंय.”

“दिसू दे. मला बोटाला कळतंय.”

“काय कळतंय?”

“गप बस. मोजतोय.”

तसे तीन दिवस गेले. दिवसातून चार वेळा तो यायचा, मनगट धरायचा, डोळे मिटून बसायचा. मंगलवहिनी सारिकाला म्हणाली, “आईंच्या वेळी असं बसता आलं न्हाई म्हणून बसतात.” सारिका परत जाणार होती, पण तिला कुणी जा म्हणालं नाही. तिने रजा वाढवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर वैभवीचं मनगट सोडून जोतिरामने आपला हात लांब केला आणि सारिकाचं मनगट धरलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. बराच वेळ मोजत राहिला. तिचा ठेका त्या दिवशीही मोडका होता.

“एकाला एक धरून न्हाई चालत हे,” तो म्हणाला.

“नाही चालत.”

“आईचं असंच चालत असंल.”

“असंच.”

त्याने मनगट सोडलं नाही. सारिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हाही सोडलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. वैभवीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“वैभवी, तू तुझ्या आईवर गेलीस,” मॅडम म्हणाल्या. “सपकाळांकडचं मोठ्या आवाजाचं जनुक तुझ्याकडे आलेलंच नाही. तुझी स्वतःची पातळी दोनच्या आसपास असायला हवी. तुझ्या चाकणच्या रिपोर्टमध्ये ती साडेसात होती. म्हणजे तुझा मुकादम ओरडत होता तो खराच. मजूर कमी पडत होते. तुला गोळीची गरज आहे.”

“आणि हृदयाचं?”

“ते सैल वायरिंग अर्धं आलंय, वडिलांकडून. म्हणून मात्रा आपण अगदी तुझ्या आकड्यापुरतीच ठेवायची, थेंबभर जास्त नाही. चार दिवसांचे ठोके मी बघितलेत. सुरेख आहेत.”

“अकरा दिवस गोळी चुकली माझी,” वैभवी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. “बाळाला काही...”

“अकरा दिवसच. महिनाभर चुकली असती तर मला काळजी वाटली असती. सोमवारी सोनोग्राफी करून घे. मला काही वाईट वाटत नाही.”

फोन बंद झाला. वैभवी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. जोतिराम उठून बाहेर गेला. सारिका थोड्या वेळाने त्याच्या मागे गेली. तो गोठ्याच्या दगडी भिंतीपाशी उभा होता.

“महिना,” तो म्हणाला. “तू आली नसतीस तर मी तिला बाळंत होईस्तोवर गोळी घेऊ दिली नसती. माजं खरं हाय म्हणून.”

“मी पण आईला तसंच केलं. माझं खरं आहे म्हणून.”

“तू डॉक्टरकीचं शिकलेली.”

“म्हणून तर जास्त.”

तो भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत राहिला. “दहाव्याला मी बोललो ते,” तो म्हणाला. “गोळीचं खरं निघालं. पर तू मारलीस असं म्हणालो, ते खरं नव्हतं. ते मला तवाबी माहीत होतं.”

यापुढे त्या विषयावर दोघं कधी बोलली नाहीत. बोलायचं काही उरलंही नव्हतं.

सोनोग्राफी चांगली आली. सारिकाची गोळी दोन महिन्यांत पूर्ण सुटली. एप्रिलमध्ये एका दुपारी वॉर्डात औषधं वाटत असताना तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून छातीत काहीच जाणवलेलं नाही. तिने स्वतःच तारा लावून आलेख काढला. सगळे ठोके एका ओळीत, सारख्या अंतरावर. तिने तो कागद पाकिटात घालून पिंपळदऱ्याला पाठवला. सोबत चिठ्ठी लिहिली नाही.

जोतिराम मात्र स्वस्थ बसला नव्हता. त्याने स्वतःचं रक्त दिलं होतं. त्याचा आकडा निघाला सात. हृदयाचं वायरिंगही आईकडचंच होतं. “तुम्ही आजवर गोळी घेतली नाहीत, ते बरं केलंत,” मॅडम त्याला म्हणाल्या, “पण आता दर सहा महिन्यांनी आलेख काढायचा. तराफा चालवायला हरकत नाही.” एवढं ऐकून तो परत आला आणि फोन घेऊन बसला. धरणाने पांगवलेल्या सपकाळांच्या घरांत कुणाची आजी, कुणाचा चुलता असा एकाएकी लुळा पडून गेला होता, ते त्याला लग्नामयतीत ऐकून सगळं पाठ होतं. रायगडचे तिघे, पालघरची एक म्हातारी, सोलापूरकडचे दोन भाऊ. त्यातल्या चौघांना जाण्याआधी थायरॉइडची गोळी चालू होती, हे त्याने विचारून काढलं. मुजावर मॅडमना त्याने ती यादी दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, “हे काम आम्हाला पाच वर्षांत जमलं नसतं. आम्हाला घरोघर विचारायला परवानगीच नाही.”

“तुमास्नी न्हाई,” जोतिराम म्हणाला. “मी भाऊबंद हाय. मला कोण अडवतंय.”

मे महिन्यात, देवाच्या जत्रेला सगळे गावी येतात तेव्हा, पिंपळदऱ्याच्या शाळेत शिबिर भरलं. मॅडम दोन मदतनीस घेऊन आल्या. जोतिरामने सकाळपासून तराफ्याच्या सहा फेऱ्या केल्या आणि माणसं उतरवून घेतली. एक म्हातारा रांगेतून निघून जायला लागला. म्हणाला, आपल्याला काही होत नाही. जोतिरामने त्याला दंडाला धरून परत उभं केलं. “तात्या, काही होत न्हाई हेच लिहून घ्यायचंय,” तो म्हणाला. “उद्या तुमचा आकडा बघून कुणी गोळी दिली, तर दाखवायला कागद नको?”

पाचव्या महिन्याची वैभवी टेबलाशी बसून नावं लिहीत होती. कोण कुणाचा कोण, हे विचारताना तिची तारांबळ उडत होती, कारण प्रत्येकाला आपलं नातं चार पिढ्या मागून सांगायची हौस. सारिका रक्त काढत होती. संध्याकाळपर्यंत एकशे बारा नळ्या भरल्या. पालघरहून आलेली एक बाई, हौसाक्का, जाताना सारिकाजवळ थांबली. तिच्या छातीत दोन वर्षं धडधडत होतं आणि रिपोर्ट नॉर्मल येत होते. डॉक्टर तिला म्हणत, मनाचं आहे.

“मनाचं न्हाई ना गं हे?” तिने विचारलं.

“नाही, अक्का,” सारिका म्हणाली. “मी तुमचा आलेख बघितलाय. तुमचं खरं आहे.”

बाईने तिच्या गालावरून हात फिरवला आणि गेली.

मॅडम नळ्यांच्या पेट्या घेऊन पाचच्या फेरीने गेल्या. शाळेचं आवार रिकामं झालं. उन्हं डोंगराआड गेली. सारिका हातमोजे काढून, सामान आवरून घरी आली आणि तिने घड्याळ बघितलं. सकाळी तिची पाळी होती, साताऱ्याची गाडी साडेसातला तापोळ्याहून सुटायची. जोतिराम ओसरीच्या पायरीवर बसून चहा पीत होता.

“दादा, शेवटची फेरी किती वाजता?”

“मी सोडीन तवा.”

“गाडी चुकेल माझी.”

“अशोकरावांना सांगितलंय मी, उद्या पहाटे पोचवतो म्हणून.” त्याने कप खाली ठेवला. “मंगलनं घेवड्याची आमटी केलीये. नाचणीच्या भाकरी तू कर. तिच्या भाकरी आईसारख्या होत न्हाईत, आन मी ते बोललो तर जेवण मिळायचं न्हाई.”

आतून मंगलवहिनी म्हणाली, “ऐकू येतंय मला.”

सारिकाने पिशवी ओसरीवर ठेवली, हात धुतले, आणि पीठ मळायला आत गेली.